सेफ्ट्रियाक्सोनची सुई टोचण्याआधी

टायफॉइड, न्यूमोनिया, मूत्रपिंडापर्यंत चढलेला लघवीचा संसर्ग, अशा आजारांत सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सर्रास दिलं जातं. औषध गुणाचं आहे. पण एकदा शिरेत गेलं की परत काढता येत नाही, म्हणून विचारायचं ते सुई लावण्याआधी.

‘ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं की माणसं ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी विचारा: पूर्वी अँटिबायोटिक घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ, पापण्या सुजल्या? धाप लागली, भोवळ आली? किती वेळात? तासाभरात असं झालं असेल तर ती गंभीर खूण. नुसते जुलाब किंवा मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. पण कातडी सोलवटून तोंडात फोड आले असतील, तर ज्या औषधाने तसं झालं ते पुन्हा द्यायचं नाही, आणि त्याच्या जवळची औषधंही डॉक्टरांनी विचार केल्याशिवाय नाहीत. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्यांपैकी दहा टक्क्यांना सेफ्ट्रियाक्सोनही बाधतं, असं पूर्वी शिकवलं जायचं. प्रत्यक्षात हा धोका बराच कमी आहे, कारण दोन्ही रेणूंच्या बाजूच्या साखळ्या वेगळ्या आहेत. तरी पेनिसिलीनने जिवावर बेतलं असेल तर ते लपवू नका.

टेस्ट डोसबद्दल स्पष्ट सांगतो. हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचून पंधरा-वीस मिनिटं गाठ उठते का पाहतात. गाठ उठली नाही म्हणजे पूर्ण डोस निर्धोक, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या विश्वासावर इंजेक्शन देऊन रुग्णाला लगेच घरी पाठवणं ही मोठी चूक आहे.

आता कुपीकडे बघा. 1 ग्रॅम पावडर शिरेतून द्यायची तर 10 मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवून दोन ते चार मिनिटं घेत सावकाश द्यायची. कमरेत द्यायची तर दुखू नये म्हणून 1 टक्का लिग्नोकेनमध्ये (जागा बधिर करणारं औषध), साधारण 3.5 मिली, आणि एका बाजूला 1 ग्रॅमहून जास्त नाही. हे लिग्नोकेनचं मिश्रण शिरेत गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून भरलेल्या सिरिंजवर कशात विरघळवलं ते लिहिलेलंच हवं. दोन्ही सिरिंज शेजारी ठेवल्या तर नुसतं बघून फरक कळत नाही.

मग स्टँडला टांगलेली बाटली वाचा. ‘आरएल’, म्हणजे रिंगर लॅक्टेट असेल तर थांबा. त्यात कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रियाक्सोनशी मिळून त्याचा पांढरा साका बनतो. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असा साका सापडला आहे, बाळं दगावली आहेत. म्हणून 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियमचं सलाईन चालू असेल किंवा लागणार असेल तर हे औषध द्यायचंच नाही. कावीळ असलेल्या नवजाताला तर कॅल्शियम नसतानाही नाही, कारण हे औषध बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, रक्तातल्या प्रथिनावरून हटवतं आणि सुटलेलं बिलिरुबिन मेंदूत शिरू शकतं. मोठ्यांमध्ये एकामागून एक देता येतं, पण मध्ये नळी साध्या सलाईनने नीट धुऊन घ्यायची. एकाच वेळी नाही, वेगळ्या नळीतूनही नको.

वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेणाऱ्याने ते सांगावं. दोन्ही मिळून रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

सुई लावण्याआधी ॲड्रेनॅलिनची, म्हणजे गंभीर रिॲक्शनवरच्या तातडीच्या औषधाची, ॲम्प्यूल हाताशी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. गंभीर रिॲक्शन आलीच तर प्रौढाला ॲड्रेनॅलिन 0.5 मिली (1 मिलीत 1 मिलिग्रॅम असलेलं) मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि स्टिरॉइड नंतर. ती आधी देण्यातच मोलाची मिनिटं जातात. रुग्णाला आडवं ठेवा, पाय वर. धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. उभं केल्याबरोबर हृदयाकडे येणारं रक्त एकदम घटतं आणि रुग्ण कोसळू शकतो. इंजेक्शननंतर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबा, बाहेरच्या बाकावर नव्हे, नर्सच्या नजरेसमोर.