कूस

(दृश्य : अंधारी खोली. मोबाइलचा उजेड. रात्रीचे दोन.)

गजर वाजायच्या आधीच तिचा हात फोनवर जातो. बाराला उठली होती, आता दोनला, मग चारला. आईची कूस बदलायची असते. माणसाला स्वतःहून हलता येत नसलं की शरीराचा भार एकाच जागी राहतो, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी आतून मरू लागते. माकडहाड, खुबा, टाच. म्हणून साधारण दर दोन तासांनी वळवायचं, हा शुश्रूषेतला जुना नियम.

(दृश्य : हात, जवळून.)

हे हात नीट बघा. सुरुवातीला तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. काखेत हात घालून ती आईला ओढायची. त्यात तिची कंबर धरली. मग एका नर्सताईंनी अर्धा तास थांबून करून दाखवलं.

आधी पलंगाची चाकं अडकवायची. आईचा पलीकडचा हात छातीवर आणायचा, पलीकडचा गुडघा दुमडायचा. आपण पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं. एक हात आईच्या खांद्यामागे, एक खुब्यामागे. पाठ वाकवायची नाही. पुढच्या पायावरचं आपलं वजन मागच्या पायावर घ्यायचं, की आई आपल्याकडे वळते. वळवण्याआधी सांगायचं, ‘आई, वळवते हं.’ आई बोलत नसली तरी सांगायचं.

पाठीमागे उशी. तीसेक अंशांचा कल पुरतो. त्याहून जास्त वळवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली आणखी एक, म्हणजे टाच गादीला टेकत नाही.

(दृश्य : टॉर्चचा उजेड पाठीवर.)

लालसर काही दिसलं तर बोटाने दाबायचं. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लाली तशीच राहिली तर जखमेची ती सुरुवात. सावळ्या कातडीवर हा फरक नीट दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का, ते चाचपायचं. ती चाचपते. चादरीची एक सुरकुतीही सरळ करते, कारण सुरकुतीनेसुद्धा कातडी सोलवटते.

(दृश्य : टेबलावर छापील कागद, पेन.)

१९८० साली स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांवरचा ताण मोजायला एक प्रश्नावली मांडली. आज तिचं २२ प्रश्नांचं रूप जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? तिने लगेच चारला गोल केला. रुग्णाजवळ असताना राग येतो का? इथे पेन थांबलं. आम्ही कॅमेरा बंद केला नाही, तिनेही सांगितलं नाही.

(दृश्य : फोनवरचे मेसेज.)

‘स्वतःलाही जप.’ ‘रोज थोडं चालत जा.’ ‘झोप पूर्ण कर.’ ‘काही लागलं तर सांग.’ माणसं मनापासून लिहितात, आणि सल्ला खोटाही नाही. पण चारला आईला कोण वळवणार? हा प्रश्न सुटल्याशिवाय चालणं नाही, झोप नाही, स्वतःच्या दुखऱ्या कंबरेसाठी डॉक्टरकडे जाणंही नाही. सांभाळणाऱ्याने स्वतःला जपायचं, तर आधी पलंगापाशी दुसरं माणूस उभं राहायला हवं.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावरची छोटी जखम भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले, असं १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात, जोडीदाराला सांभाळताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त आढळला.

(दृश्य : दुपार. दारात भाऊ. हातात पिशवी.)

‘मदत कर’ असं म्हणून काही झालं नव्हतं. मग तिने वार आणि तास सांगितले. शनिवारी दुपारी दोन ते रविवारी सकाळी आठ.

ही वही बघा. कोणतं औषध किती वाजता. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू किती उंच, आणि भरवून झाल्यावर किती वेळ तशीच ठेवायची. कण्हण्याचा कुठला आवाज दुखण्याचा, कुठला नुसता सवयीचा. कधी फोन करायचा, आणि त्याखाली दोन रेघा ओढून, कधी करायचा नाही. अशी वही घराघरात हवी. सांभाळणाऱ्याच्या डोक्यात जे साठलेलं असतं ते कागदावर आलं, तरच दुसऱ्याच्या हाती काम देता येतं.

जर्मनीत १९९५ साली सुरू झालेल्या शुश्रूषा विम्यात, घरचा सांभाळणारा सुट्टीवर गेला तर बदली माणसाचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. अशी तरतूद सगळीकडे व्हायला हवी. तोवर भाऊ आहे, आणि शनिवार आहे.

(दृश्य : भाऊ पलंगाशी. ती दारात, चपला घातलेल्या.)

तो चाकं अडकवतो. गुडघा दुमडतो. खांद्यामागे हात घालतो आणि थांबतो.

‘आई, वळवतो हं.’

‘पोटरीखालची उशी,’ ती दारातून म्हणते.

‘लावली गं. तू जा.’