ढेपेवरची बुरशी आणि तिच्या विषाचे नियामक प्रथिन

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

वर्धा-यवतमाळकडे दुभत्या जनावरांना सरकीची ढेप घालतात, आणि ओल लागलेल्या ढेपेवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर वरचा थर खरवडून उरलेली ढेप गव्हाणीत टाकली जाते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक आणि कर्करोगकारक विष तयार करू शकते. मात्र बुरशी वाढणे आणि तिने विष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली दुसरी एका प्रथिनाच्या पकडीवर अवलंबून आहे.

विष घडवणारी सुमारे २५ जनुके बुरशीच्या एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. त्यांना कामाला लावणाऱ्या प्रथिनाचे नाव अफ्ल-आर. त्याच्या एका भागात सिस्टीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जस्ताचे दोन अणू धरून ठेवतात. त्यामुळे त्या भागाला पक्का आकार येतो आणि तो डीएनएच्या खोबणीत शिरून तिथली तीन अक्षरे (डीएनएचे ए, टी, जी, सी हे घटक) ओळखतो. अशी सहा सिस्टीन आणि दोन जस्तांची रचना जवळजवळ फक्त बुरशीवर्गातच आढळते.

परंतु तीनच अक्षरे ओळखून भागत नाही, कारण तशी तीन अक्षरे डीएनएमध्ये हजारो ठिकाणी सापडतात. यीस्टमधील गॅल-४ हे याच कुळातले प्रथिन डीएनएला कसे बिलगते, हे १९९२ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दिसले: त्याचे दोन रेणू जोडीने बसतात, प्रत्येक जण तीन अक्षरे धरतो आणि मधली ११ अक्षरे मोकळी राहतात. तिफणीच्या फणांमधले अंतर जसे ठरलेले असते, तसे हे अंतर प्रत्येक प्रथिनाचे ठरलेले असते, आणि माझ्या मते या साऱ्या यंत्रणेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. अफ्ल-आरला टीसीजी, मग कोणतीही पाच अक्षरे आणि नंतर सीजीए अशी जागा लागते. विषाच्या बहुतेक जनुकांच्या आरंभापाशी ती असते.

पकडीनंतर जनुक चालू करणारा भागही शाबूत लागतो. सोया सॉससाठी वापरल्या जाणाऱ्या ॲस्परजिलस सोजे या जवळच्या जातीत अफ्ल-आरचे शेवटचे टोक तुटके असते, आणि ती बुरशी अफ्लाटॉक्सिन करत नाही.

आपल्या ढेपेवरची बुरशी यांपैकी कोणती, हे डोळ्यांना कळत नाही आणि विष तर दिसतच नाही. खरवडलेल्या थराखालीही ते पोहोचलेले असू शकते, शिवाय ते साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. गाईच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश एम-१ या रूपात दुधात उतरतो, आणि भारतात दुधातील त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कमी ठरवलेली आहे. म्हणून बुरशी लागलेली ढेप जनावरांना मुळीच घालू नये, असे मी आग्रहाने सांगतो.