‘टिक टिक टिक’ला लॉजिकवरून झोडपलं, पण खरी अडचण वेगळीच होती

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ‘टिक टिक टिक’ या तमिळ सिनेमाबद्दल. २२ जून २०१८ ला रिलीज झाला, दिग्दर्शक शक्ती सौंदर राजन, हिरो जयम रवी, म्हणजे आता जो रवी मोहन हे नाव लावतो तो, आणि जाहिरात काय केली होती तर भारताचा पहिला स्पेस सिनेमा. आधी या ‘पहिला’वरच बोलू, कारण मला ते अजिबात पटत नाही. १९६३ मध्येच तमिळमध्ये ‘कलै अरसी’ आला होता, कलाकार एमजीआर आणि भानुमती, परग्रहावरचे लोक संगीत शिकायचं म्हणून पृथ्वीवरच्या एका गायिकेला उचलून नेतात! इतकी भन्नाट गोष्ट त्याच भाषेत आधी होऊन गेलीये, ती अभिमानाने सांगायची सोडून पहिलेपणाचा शिक्का कशाला हवा?

बरं, ‘टिक टिक टिक’ची गोष्ट. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर आहे, तिथे एक छोटी उल्का येऊन आदळते, माणसं मरतात, आणि मग कळतं की मागून ६० किलोमीटरचा लघुग्रह येतोय, आठवड्याभरात बंगालच्या उपसागरात पडणार आणि त्सुनामीत चार कोटी लोक जाणार. तो फोडायला अण्वस्त्र लागणार आणि ते दुसऱ्या देशाने आपल्या स्पेस स्टेशनवर लपवून ठेवलंय, म्हणजे ते चोरायला पाहिजे. मग जेलमधून कोणाला काढतात, तर वासू नावाच्या जादूगाराला, कुलपं-बेड्या सोडवण्यात पटाईत, सोबत त्याचे दोन दोस्त.

आता रिव्ह्यू काय आले? संमिश्र. हिंमत केली, इतक्या कमी पैशात व्हीएफएक्स बरे जमवले म्हणून कौतुक झालं, आणि दुसरीकडे १९९८ च्या ‘आर्मागेडन’ची, म्हणजे लघुग्रह फोडायला माणसं पाठवणाऱ्या हॉलिवूड सिनेमाची, कॉपी आहे, लॉजिक नाही, म्हणून धुलाईही झाली. ट्रेलर आला तेव्हाच ही तुलना सुरू झाली होती.

लॉजिकचं म्हणाल तर हो, गडबड आहेच. डायनासोर ज्या लघुग्रहामुळे संपले तो साधारण १० किलोमीटरचा होता, आणि हा ६० चा, म्हणजे रुंदी सहापट पण आकारमान सहाचा घन, २१६ पट! असला दगड पडला तर तामिळनाडूचा किनारा सोडा, अख्ख्या पृथ्वीवर आपल्यापैकी कोणी उरणं कठीण, आणि तो एका बॉम्बने फोडायचा म्हणजे विषयच संपला. नासाने २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट नावाचं यान खरोखर डिमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर आदळवलं, सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने, आणि तो दगड होता फक्त १६० मीटरच्या आसपास. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याभोवतीच्या एका फेरीचा वेळ साधारण ३२ मिनिटांनी कमी झाला, एवढंच. आणि शास्त्रज्ञ त्यावर प्रचंड खूश होते, कारण पुष्कळ वर्षं आधी कळलं तर असा हलका धक्कासुद्धा पुरतो.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. ‘आर्मागेडन’मध्ये तरी कुठे लॉजिक होतं? लोकांनी तो डोक्यावर घेतलाच की. ‘टिक टिक टिक’कडे दोन गोष्टी अस्सल स्वतःच्या होत्या. एक तो समुद्र. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने नागपट्टिनमची काय अवस्था केली, मरीना बीचवर काय झालं, हे तामिळनाडूतल्या घराघरात माहितीये, तिथे लाट येणार म्हटलं की भीती समजावून सांगावी लागत नाही. पण सिनेमात ती लाट बहुतेक वेळ कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरच राहते, किनाऱ्यावरचा एकही मच्छीमार, एकही घर आपल्या मनात बसत नाही. हे मला फार लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे जादूगार अंतराळवीर! विचार करा, जादूगाराचं सगळं कसब वजनावर चालतं, नाणं हातातून पडणार, पत्ता बाहीत सरकणार, आणि तिथे काही पडतच नाही. यातून किती प्रसंग काढता आले असते. हातचलाखी सिनेमात कामी येते, आणि माझ्या मते तेच प्रसंग सगळ्यात उठून दिसतात, पण मध्येच परत काउंटडाऊन, स्फोट, गद्दार कोण, याच वाटेने गाडी जाते.

एक मात्र मनापासून सांगतो, बापलेकाचा भाग खरा वाटतो. वासूच्या मुलाचं काम रवीच्या खऱ्या मुलाने, आरवने केलंय, आणि सिड श्रीरामने गायलेलं ‘कुरुंबा’ गाणं लागलं की त्या दोघांचं एकमेकांकडे बघणं बघा, तिथे अभिनय शोधावा लागत नाही. डी. इम्मान यांचा संगीतकार म्हणून हा शंभरावा सिनेमा होता.

आणि शक्ती सौंदर राजनबद्दल मला आदरच आहे. २०१६ ला ‘मिरुथन’मध्ये झोम्बी, मग हा स्पेस, २०२१ ला ‘टेडी’मध्ये चालतं-बोलतं टेडी बेअर, २०२२ ला ‘कॅप्टन’मध्ये जंगलातला विचित्र प्राणी, सगळं जमलं असं नाही पण दरवेळी नवीन दार ठोठावणारा माणूस आहे. तर सिनेमा बघा, सबटायटल लावून बघा, आणि वासूच्या जादूचा कोणता प्रसंग तुम्हाला अजून लांब हवा होता ते खाली कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचतो.