टिडी डॉल: लंडनचा जरीवाला जिंजरब्रेडवाला

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं हे चित्र 1747 सालचं. टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी आहे आणि ती बघायला अवघं लंडन लोटलंय. या गर्दीत पिसाची टोपी घातलेला माणूस शोधा. एक हात कोटात, दुसऱ्या हातात उंच धरलेला जिंजरब्रेड, म्हणजे सुंठ घातलेला बिस्किटासारखा गोड खाऊ. हा टिडी डॉल.

हे त्याचं खरं नाव नव्हे. आरोळीच्या शेवटी तो ‘टि-टिडी, टि-टिडी’ असं एका गाण्याचं पालुपद लावायचा, तेच त्याला चिकटलं. अंगात जरीकाठाचा पांढरा पोशाख, झालरीचा सदरा, पायांत पांढरे रेशमी मोजे आणि वर स्वच्छ पांढरा एप्रन. एप्रन नसता, तर एवढ्या सरदारी थाटाच्या माणसाकडे खाऊ मागायचं कुणाचं धाडस झालं असतं?

आरोळी तर अफाट. माल तोंडात कसा विरघळेल, तर लालभडक तापलेल्या विटेसारखा! आरोळीतला पत्ताही तसाच: घर जमिनीखाली दोन पायऱ्या उतरून, दुकान मात्र दुसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला.

त्याची स्वतःची कृती हाती नाही. पण इंग्रज लेखिका हॅना ग्लास यांचं पाकपुस्तक त्याच 1747 सालचं. त्यातलं प्रमाण असं: तीन पाउंड मैदा, एक पाउंड साखर, एक पाउंड लोणी, दोन औंस सुंठ, एक मोठं जायफळ. पाउंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम. लोणी पिठाला मोहनासारखं चोळायचं. एक पाउंड ट्रीकल, म्हणजे आपल्या काकवीच्या जातीचा काळा पाक, पाव पाइंट (साधारण अर्धा कप) मलईबरोबर कोमट करून त्यात घट्ट गोळा मळायचा. पातळ लाटून पेल्याने चकत्या पाडायच्या. भट्टी मंदच हवी. साखर आणि पाक एवढा असल्यावर कडक आचेत कडा करपतात आणि मधला भाग ओलाच राहतो.

जत्रेतला जिंजरब्रेड बहुधा कोरीव लाकडी साच्यातला. त्याला लोणी-मलई बेताचीच लागते. नाहीतर पीठ भट्टीत पसरतं आणि साच्यातल्या राजाचं नाक गायब होतं. साच्याला कोरडं पीठ भुरभुरलं नाही, तर गोळा नक्षीत अडकून फाटतो. भाजून गार झाल्यावर अंड्याचा पांढरा बलक पुसटसा लावून वर्ख चिकटवत. स्वस्तातला वर्ख पितळेचा असे.

टिडी डॉलची नेहमीची जागा लंडनमधला हेमार्केट रस्ता. मेफेअरची जत्राही तो चुकवत नसे. एकदा तो गावाकडच्या जत्रेला गेला, हेमार्केटला दिसेना. लगेच कुणीतरी त्याच्या खुनाची हकिगत छापली आणि ती हजारोंनी खपली. स्वारी जिवंत परतली.

आता हे जेम्स गिलरेचं व्यंगचित्र, 1806 चं. नेपोलियन टिडी डॉल झालाय. भट्टीतून जिंजरब्रेडच्या राजांचा ताजा घाणा काढतोय: बव्हेरिया, वुर्टेमबर्ग, बाडेन या जर्मन राज्यांचे. मागे कणीक तिंबतोय तो त्याचा परराष्ट्रमंत्री, तालेराँ.