घड्याळ पाहून जेवावे की ताट मोजून?

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत चातुर्मासात धरणे-पारणे करणाऱ्या दोन-तीन बायका तरी असत. एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी पोटभर जेवण, असा त्यांचा चार महिन्यांचा क्रम चाले. त्यांच्यापैकी कोणी वजनाचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. आज मात्र याच क्रमाला 'अल्टरनेट डे फास्टिंग' असे नाव मिळाले आहे, आणि आहाराचा सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेकांचा माझ्याकडे पहिला प्रश्न हाच असतो, की रोज थोडे कमी खाल्लेले बरे, की ठरावीक तास काहीच न खाल्लेले बरे?

या प्रश्नाची नीट पारख चीनमधील ग्वांगझो शहरात झाली. तेथे 139 स्थूल स्त्री-पुरुषांना वर्षभर कमी उष्मांकांचा सारखाच आहार सांगण्यात आला, म्हणजे पुरुषांना दिवसाला 1500 ते 1800 आणि स्त्रियांना 1200 ते 1500 किलोकॅलरी. एका गटाने तो सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात संपवायचा होता, तर दुसऱ्या गटाला वेळेचे बंधन नव्हते. 2022 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घड्याळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी 8 किलोंनी आणि न पाळणाऱ्यांचे 6.3 किलोंनी उतरलेले दिसले. पावणेदोन किलोंचा हा फरक ऐकायला बरा वाटतो. परंतु एवढ्या माणसांत तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. कंबरेचा घेर आणि रक्तदाब यांतही दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत राहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी 2020 साली नुसते घड्याळच तपासले होते. दुपारी 12 ते रात्री 8 या वेळात हवे तेवढे खा, असे सांगितलेल्या लोकांचे वजन 12 आठवड्यांत एक किलोसुद्धा उतरले नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 2017 साली प्रसिद्ध झालेला शिकागोचा प्रयोग. त्यात 100 माणसे होती. उपवासाच्या गटाने एक दिवस गरजेच्या 25 टक्केच खायचे आणि दुसऱ्या दिवशी 125 टक्के. दुसऱ्या गटाने रोज 75 टक्के. सरासरी काढली तर दोघांचा हिशेब एकच. वर्षाअखेर वजनातील घटही जवळपास सारखीच, सुमारे 6 आणि 5.3 टक्के, भरली. मात्र उपवासाच्या गटातील 38 टक्के लोक मध्येच गळाले आणि रोज मोजून खाणाऱ्यांतील 29 टक्के. जे टिकले, त्यांनीही उपवासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त खाल्ले आणि जेवणाच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी. म्हणजे कोणी न सांगता ते रोज थोडे कमी खाणाऱ्यांच्याच वाटेला लागले होते!

उपवासाची बाजू अगदीच लंगडी आहे, असे मात्र नाही. कोलोराडोमध्ये आठवड्यातून तीन दिवस अगदी थोडे खाणाऱ्यांचे वजन वर्षभरात 7.6 टक्के आणि रोज मोजून खाणाऱ्यांचे 5 टक्के उतरले, असे 2025 साली प्रसिद्ध झाले आहे. रोज वाटी-चमच्याचा हिशेब ठेवणे ज्यांच्या जिवावर येते, त्यांना तीनच दिवसांचे बंधन सोपे जात असावे, असा माझा अंदाज आहे. दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत आपल्याकडे घरोघर पोहोचली, तिलाही हा सुटसुटीतपणा कारणीभूत असावा.

आता आपल्या एकादशीकडे वळू. आठवड्यातून दोन दिवस उपवास करण्याच्या प्रसिद्ध पाश्चात्त्य पद्धतीत उपवासाच्या दिवशी स्त्रियांना 500 आणि पुरुषांना 600 किलोकॅलरींची मुभा असते. एका माणसाच्या भरल्या ताटलीतील खिचडीला 75 ग्रॅम साबुदाणा धरला, तर त्याच्या 260 किलोकॅलरी होतात. 30 ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या 170 आणि 15 ग्रॅम तुपाच्या 135. बटाटा अजून मोजलेलाच नाही, तरी साडेपाचशेच्या वर गेलो! दिवसभराची मुभा सकाळी नऊलाच संपली आणि दुपारचे वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी अजून व्हायचीच आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांनी तराजू न लावताच हे ओळखले होते.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, त्याने कोणी हुरळून जाऊ नये. यकृत आणि स्नायूंमध्ये साठलेली साखर वापरली जाताना तिच्याबरोबरचे पाणीही निघून जाते, आणि उतरलेल्या वजनात त्या पाण्याचा वाटा मोठा असतो. कोणतीही पद्धत निवडली, तरी डाळी, दही, अंडी यांत काटछाट करू नये, कारण प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये, कारण औषधाची मात्रा तीच आणि पोट रिकामे, अशा वेळी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, तर उपवास मोडण्याचा विचार करत बसू नये. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी.