पाण्यात पडलेली माणसं

मंडळी, 'द क्रूअल सी' आत्ता आपण एकत्र पाहिला. १९५३ सालचा, ईलिंग स्टुडिओचा, चार्ल्स फ्रेंड यांनी दिग्दर्शित केलेला. अटलांटिकच्या लढाईवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांपासून व्यापारी बोटींचे ताफे राखण्याच्या झुंजीवर, चित्रपट पुष्कळ निघाले. मी हा निवडला तो एका प्रसंगासाठी.

आधी बोटीबद्दल. 'कंपास रोझ' हे नाव काल्पनिक असलं तरी पडद्यावर दिसली ती 'कोरिऑप्सिस' नावाची, प्रत्यक्ष युद्धात वापरलेली कॉर्व्हेट, म्हणजे ताफ्याची राखण करणारी छोटी युद्धनौका. हा नमुना देवमासे पकडणाऱ्या बोटींच्या आराखड्यावरून बेतलेला, म्हणजे छोट्या गोद्यांतसुद्धा भराभर बांधता यावा. वेग मात्र जेमतेम १६ नॉट, आणि पृष्ठभागावर आलेली जर्मन पाणबुडी १७ नॉटांनी धावायची. राखणदारापेक्षा चोराचे पाय जलद! त्यामुळे सगळी भिस्त अ‍ॅस्डिक या पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर. पाण्यात ध्वनी सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. तो पाणबुडीचा की बुडालेल्या एखाद्या बोटीचा, हे ऐकणाऱ्याने आपल्या कानांनी ठरवायचं.

आता तो प्रसंग आठवा. व्यापारी बोट बुडालीय, तिचे खलाशी पाण्यात तरंगताहेत, आणि नेमका त्यांच्याच खाली प्रतिध्वनी लागतो. कॅप्टन एरिक्सनने बोट थांबवली, तर ती टॉर्पेडोच्या तोंडी. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले, तर ही माणसं मरणार. ती बिचारी हात हलवताहेत. त्यांना वाटतंय, आपल्यालाच घ्यायला आले. एरिक्सन बोट पुढे काढतो, चार्ज फुटतात, आणि पाणबुडीची एक फळीसुद्धा वर येत नाही. ज्यांना राखायला निघालो त्यांनाच मारलं, आणि त्या बदल्यात काही साधलं का, तेही कळलं नाही. एरिक्सन झालेल्या जॅक हॉकिन्सने हे सगळं ज्या संयमाने पेललंय, त्याला माझ्या मते युद्धपटांत तोड नाही. २०२० चा टॉम हँक्सचा 'ग्रेहाउंड' श्वास रोखून पाहावा असा आहे, पण त्यात व्यापारी बोटी दूरच्या ठिपक्यांपलीकडे फारशा जात नाहीत.

आणि तरीही पाण्यात पडलेली ही माणसं कोण, हे 'द क्रूअल सी'सुद्धा विचारत नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांत आपली माणसं होती. ब्रिटिश व्यापारी बोटींवर हजारो हिंदी खलाशी होते. मुंबईहून चढणाऱ्यांत डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ, आणि खानपानाच्या कामाला गोवेकर. पगार गोऱ्या खलाश्याच्या कितीतरी खाली. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री यू-४८ या जर्मन पाणबुडीने 'सिटी ऑफ बनारस' ही प्रवासी बोट बुडवली. राखणीची युद्धनौका त्याच दिवशी ताफा सोडून गेली होती. युद्धापासून दूर, सुरक्षित राहावीत म्हणून कॅनडाला धाडलेल्या ९० मुलांपैकी ७७ गेली, हे ब्रिटनमध्ये आजही सांगतात. शंभराच्या आसपास हिंदी खलाशी गेले, ते क्वचितच कुणी सांगतं. एक जीवरक्षक होडी आठ दिवस भरकटत राहिली. तिच्यातल्या सहा मुलांची गोष्ट प्रसिद्ध आहे; पण त्या होडीत निम्म्याहून जास्त माणसं हिंदी खलाशी होती.

त्या युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी व्यापारी खलाशी मेले. रत्नागिरीच्या एखाद्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, नजरेतून अटलांटिक दाखवणारा चित्रपट मला पाहायचाय, आणि तो आपल्याकडच्याच कुणीतरी करावा असं फार वाटतं.