स्वतःच्याच संदेशाला आवर घालणारी प्रथिने

भरपूर पोषण आणि ३७ अंश सेल्सिअस तापमान मिळाले, की आपल्या आतड्यात राहणारा एश्चेरिचिया कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. या घाईच्या काळात त्याच्या पेशीत रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रे, हजारोंच्या संख्येने राबत असतात आणि प्रत्येक नवा रायबोसोम उभारायला आरएनएचे तीन रेणू आणि पन्नासहून अधिक प्रकारची प्रथिने लागतात. एखादे प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार झाले, तर पेशीची कितीतरी ऊर्जा वाया जाते. मग हा हिशेब कोण ठेवते?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासू नोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास दाखवून दिले, की यांतील काही प्रथिने स्वतःच हा हिशेब ठेवतात.

एल१ हे प्रथिन घ्या. २३एस या रायबोसोमी आरएनएवर बसणे हे त्याचे नेहमीचे काम, आणि तिथली पकड घट्ट असल्यामुळे तो आरएनए मोकळा असेपर्यंत एल१ तिकडेच जाते. जागा भरल्या, की शिल्लक राहिलेले एल१ स्वतःच्या संदेशवाहक आरएनएकडे, म्हणजे ते प्रथिन बनवण्याची सूचना रायबोसोमला देणाऱ्या आरएनएकडे वळते, कारण त्या संदेशाच्या सुरुवातीला २३एसवरील त्याच जागेशी मिळतीजुळती घडी असते. एल१ तिथे चिकटले, की रायबोसोमला वाचन सुरू करता येत नाही. त्यामुळे त्याच संदेशावर लिहिलेल्या एल११ या प्रथिनाची निर्मितीही थांबते. एका आरएनएने दुमडून दुसऱ्या आरएनएचे रूप घ्यावे आणि प्रथिनाने दोन्ही ठिकाणी सारखेच ओळखून बसावे, हे मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते.

एस१५ या प्रथिनाची तऱ्हा निराळी आहे. त्याचा संदेश दोन प्रकारे दुमडू शकतो आणि त्यांपैकी गाठीसारख्या घडीला एस१५ स्थिर करते. रायबोसोम संदेशावर येऊन बसतो खरा, पण वाचनाच्या आरंभस्थानीच अडकून पडतो. उष्ण झऱ्यांत वाढणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या जिवाणूमध्ये मात्र याच प्रथिनाच्या संदेशावर ती गाठ नाही. तिथे आरएनएचे तीन दांडे एका सांध्यात एकत्र येतात आणि १६एस या दुसऱ्या रायबोसोमी आरएनएवरील एस१५च्या जागेसारखा आकार घेतात.